वाचकांचे प्रश्न : नवीन हॉटेल आणि दुपारचा स्वस्तातला सेट मेन्यू

गेल्या अंकात एका उत्तरात सहज लिहून गेले होते की नवीन हॉटेल बघायचं असेल तर आधी दुपारी जा, सेट मेन्यू घ्या, रात्रीचं नंतर बघू. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, जे वारंवार आले ते घेतलेत.

ताई, आमच्या ऑफिसजवळ बाणेरला एक नवीन हॉटेल सुरू झालंय. रात्री गेलं तर माणशी बाराशे-पंधराशे सहज लागतात म्हणे, पण सोमवार ते शुक्रवार दुपारी ४९९ मध्ये सूप, स्टार्टर, मेन कोर्स आणि गोड असं सगळं देतात. एवढ्या स्वस्तात परवडतं कसं? आदल्या रात्रीचं उरलेलं तर खपवत नसतील ना? — एक वाचक, पुणे

शंका रास्त आहे आणि बऱ्याच जणांची आहे, म्हणून जरा सविस्तरच सांगते.

हॉटेलचं भाडं, स्टाफचे पगार, एसी, लाइटबिल हे सगळं गिऱ्हाईक आलं तरी लागतं आणि नाही आलं तरी लागतं. शहरातल्या मोठ्या हॉटेलांची खरी कमाई रात्री आणि शनिवार-रविवारी होते, मंगळवारी दुपारी दीडला अर्धी टेबलं रिकामी असतात पण आत किचनमध्ये माणसं सकाळपासून कामाला लागलेली असतातच कारण रात्रीची तयारी तेव्हाच चालते, ग्रेव्ह्या शिजतायत, पीठ मळलं जातंय, तंदूर तापतोय. मग मालक विचार करतो की रिकाम्या टेबलावर थोडं कमी मिळालं तरी चालेल पण टेबल भरू दे. मेन्यूत चार-पाचच पदार्थ ठेवले की माल वाया जात नाही, ऑर्डर पटापट निघते, गिऱ्हाईक पाऊण-एक तासात जेवून ऑफिसला पळतं. पोर्शन लहान असतात, मटण-कोळंबीसारखा महागडा माल नसतो किंवा त्यासाठी शंभर-दीडशे वरचे घेतात. म्हणून ४९९ परवडतं, त्यात काही काळंबेरं असलंच पाहिजे असं नाही.

आणि ही काही आजची टूम नाहीये. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं तेव्हा तिथल्या नामांकित हॉटेलांनी १९ डॉलर ९२ सेंटला दुपारचं जेवण ठेवलं, आकडा सालावरूनच घेतला, आणि लोकांनी ते इतकं उचलून धरलं की त्यातून रेस्टॉरंट वीक, म्हणजे नामांकित हॉटेलांत काही दिवस ठराविक किमतीत जेवण, दरवर्षीचंच झालं, आपल्याकडे मुंबईत ते २०१० मध्ये आलं. स्पेनमध्ये तर साध्यातल्या साध्या हॉटेलात दुपारी ठराविक किमतीत दोन पदार्थ, ब्रेड, पेय आणि गोड मिळतं, १९६० च्या दशकात सरकारनेच पर्यटकांसाठी ते सुरू करायला लावलं आणि आता तिथला कामगार वर्ग त्यावर जेवतो. आपल्याला तर हे नवीन वाटायलाच नको, माटुंग्याचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून ठराविक पैशात ताट वाढतंय, आणि मुंबई-पुण्यात राइसप्लेटवर नोकरीची वर्षं काढलेली माणसं तुमच्याही घरात असतील.

आता उरलेल्या अन्नाबद्दल. काही गोष्टी आधीपासून करून ठेवलेल्या असतातच, कांदा-टोमॅटोची बेस ग्रेव्ही, उकळलेला स्टॉक, मॅरिनेट केलेलं चिकन, आणि हे रात्री बाराशे रुपये देऊन जेवलात तरी तसंच असतं, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते शिजवलेला पदार्थ पुन्हा पुन्हा गरम करून वाढणं, आणि ते ओळखता येतं.

सगळ्यात आधी सॅलड बघा. कांद्याची चकती ताजी कापलेली असेल तर ओलसर चकाकते, तासभर उघडी राहिलेली असेल तर कड वाळून आत वळते आणि उग्र वास मारतो. लिंबाची फोड पिळून बघा, बी आणि साल सुकलेली असेल तर ती सकाळची आहे. मग डाळ. डाळ तडका आली की चमचा घालायच्या आधी वास घ्या, फोडणी आत्ता घातली असेल तर तुपाचा आणि लसणाचा वास ताट टेबलावर ठेवता ठेवता येतो, आणि त्यातलं एक जिरं वेगळं काढून चावा, ते कुरकुरलं तर फोडणी ताजी, मऊ पडून नुसतं चोथ्यासारखं लागलं तर डाळ बराच वेळ गरम पाण्यावरच्या भांड्यात बसून होती. भाताचं तर काय सांगायचं, शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे, दोन शितं बोटात दाबा, बाहेरून कडक आणि आत पिठूळ असली की तो भात फ्रीजमधून बाहेर आलाय. सूपवर पापुद्रा धरलेला असेल तर ते केव्हाचं ओतून ठेवलंय. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात आणि कोणाला काही विचारावं लागत नाही.

माझं मत विचाराल तर सेट मेन्यूतला सगळ्यात साधा पदार्थ हीच खरी कसोटी आहे. डाळ, भात, रोटी, सूप. बटर चिकनमध्ये क्रीम आणि साखर घातली की बरंच झाकलं जातं, डाळीत काही झाकता येत नाही. ४९९ च्या ताटातली डाळ ज्याने मन लावून केली तो रात्रीच्या बाराशेच्या जेवणात हयगय करणार नाही, असा माझा अनुभव आहे, आणि ज्याने दुपारचं गिऱ्हाईक स्वस्तातलं म्हणून थंड नान पुढे सरकवला त्याच्याकडे रात्री जायची मला घाई नसते.

पण सेट मेन्यूवरून सगळंच कळतं असं मात्र समजू नका. त्यांची बिर्याणी कशी आहे, अख्खा मासा कसा भाजतात, शनिवारी रात्री गर्दीत ऑर्डर किती वेळात येते, यातलं काहीच दुपारी कळत नाही. आणि वेळेचं एक लक्षात ठेवा, साडेबारा ते दीडच्या मधे जा. मेन्यूवर तीनपर्यंत लिहिलेलं असलं तरी पावणेतीनला पोचलात तर किचन आवरायला घेतलेलं असतं, तेव्हाच्या ताटावरून हॉटेलला नावं ठेवणं बरोबर नाही.

४९९ चा बोर्ड बघून आम्ही दोघं गेलो आणि बिल आलं १३६१. विचारलं तर कॅप्टन म्हणाला सर टॅक्स आणि चार्जेस एक्स्ट्रा. हे कायदेशीर आहे का? — एक वाचक, ठाणे

तुम्ही बिलाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलं, त्यामुळे नीट सांगता येतं. दोन सेट लंचचे ९९८. दोन पाण्याच्या बाटल्या ९० प्रमाणे १८०. झाले ११७८. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ११७ रुपये ८० पैसे, म्हणजे १२९५.८०, आणि त्यावर ५ टक्के जीएसटी ६४.७९. एकूण १३६०.५९, राउंड करून १३६१.

यातला जीएसटी बरोबर आहे, नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला ५ टक्केच लागतो, एसी असो नसो. मोठ्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये, जिथे खोलीचं भाडं साडेसात हजाराच्या वर असतं, तिथे १८ टक्के लागतो, म्हणजे तिथल्या सेट लंचचा आकडा बघताना जवळजवळ पाचवा हिस्सा वर धरून चला.

सर्व्हिस चार्ज मात्र तुम्ही देणं बंधनकारक नव्हतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हॉटेलने तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाखाली पण नाही, आणि देणार नसाल तर आत घेणार नाही असंही म्हणायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तेव्हा शांतपणे सांगायचं, हा चार्ज काढून बिल परत द्या. बहुतेक ठिकाणी लगेच काढतात. नाहीच काढला तर बिल घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं.

पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग का, हे पण तुम्ही विचारलंय. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय की हॉटेलात बसून प्यायलेल्या बाटलीला एमआरपीचं बंधन लागू नाही कारण तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, बसायची जागा आणि सेवाही घेता. मला व्यक्तिशः हे पटत नाही पण कायदा तसा आहे. उपाय सोपा, बसल्या बसल्या वेटर जे विचारतो ना, बिसलेरी की रेग्युलर, तेव्हा रेग्युलर म्हणा, आणि त्याने न विचारता बाटलीचं सील फोडायला घेतलं तर तिथेच थांबवा. सर्व्हिस चार्ज आणि बाटल्या या दोन गोष्टी वगळल्या असत्या तर तुमचं बिल १०४७ रुपये ९० पैसे झालं असतं, माणशी सव्वापाचशेच्या आत. तेच खरं तर त्या बोर्डवर लिहायला हवं होतं, आणि मला या सगळ्यात राग येतो तो याचाच, की लोकांना बोलावताना एक आकडा दाखवायचा आणि उठताना दुसरा.

अजून एक, हे फारसं कोणी बघत नाही. छोट्या हॉटेलाच्या बिलावर कंपोझिशन डीलर (म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटी योजनेतला) असं काही लिहिलेलं असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. तसं लिहूनही ५ टक्के लावलेला दिसला तर नक्की विचारा.

सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत आणि मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. सेट मेन्यूत बदल करून देतात का, की विचारणं बरं दिसत नाही? — एक वाचक, नागपूर

विचारायचंच, त्यात बरं-वाईट दिसण्यासारखं काही नाही. फक्त दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात घ्या. सासूबाईंसाठी आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी अकराच्या आत फोन करा, कारण दुपारची ग्रेव्ही एकदाच मोठ्या भांड्यात शिजते आणि टेबलावर बसून सांगितलं तर त्यातून कांदा काढता येत नाही. बरीच हॉटेलं जैन पर्याय ठेवतात, तो मागितलात तर काम होतं. मुलाचं मात्र वेटरला सांगून भागवू नका, शेफशी किंवा मॅनेजरशी स्वतः बोला, कुठलं तेल वापरतात, चटणीत दाण्याचं कूट आहे का, तळणीची कढई एकच आहे का, हे सगळं विचारा. आपल्याकडे विदर्भ-खानदेशात शेंगदाण्याचं तेल आणि कूट इतकं सर्रास वापरतात की बनवणाऱ्याच्या ते लक्षातही राहत नाही. समोरच्याने नुसतं हो हो म्हणून मान हलवली तर त्या दिवशी मुलासाठी घरचा डबा न्या आणि तसं हॉटेलला सांगा, कोणी नाही म्हणणार नाही.

मी लंडनला असते. आई-बाबा येतायत, त्यांना एकदा तरी चांगल्या इंडियन रेस्टॉरंटला न्यायचंय पण रात्रीचे दर बघून हिंमत होत नाही. दुपारचा सेट लंच घेतला तर कमीपणा वाटेल का? — एक वाचक, लंडन

अगं अजिबात नाही, लंडनमध्ये तर ही पद्धतच आहे आणि तिथले लोक मोठ्या हॉटेलात याच वाटेने जातात. रीजंट स्ट्रीटवरचं वीरास्वामी १९२६ साली सुरू झालं तेव्हापासून तिथे भारतीय जेवण नटूनथटून जेवायची गोष्ट आहे, आणि मेफेअरच्या जिमखाना नावाच्या भारतीय हॉटेलाला तर २०२४ मध्ये दुसरा मिशेलिन स्टार, म्हणजे हॉटेलांसाठीचा मानाचा तारा, मिळाला. अशा वरच्या दर्जाच्या बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन किंवा तीन कोर्सचा मेन्यू असतो आणि तो रात्रीच्या मानाने बराच हलका पडतो. संध्याकाळी नाटकाच्या आधी साडेपाच-सहाला पण असाच मेन्यू मिळतो, बाबांना लवकर जेवायची सवय असेल तर तो जास्त सोयीचा.

बिलाचं तिकडे वेगळं आहे. मेन्यूवरच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेलाच असतो, वर काही लागत नाही, पण शेवटी १२.५ टक्के सर्व्हिस लावलेली दिसेल. ती ऐच्छिक असते, काढा म्हटलं तर काढतात, पण सेवा चांगली असेल तर राहू दे असं मी म्हणेन, कारण १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कायदाच झालाय की ही सगळी रक्कम काम करणाऱ्यांपर्यंत पोचली पाहिजे, मालकाला त्यातून काही ठेवता येत नाही. टॅप वॉटर माग, जिथे दारूचा परवाना आहे तिथे ते फुकट द्यावंच लागतं, आणि आई बाटलीचे पाउंड बघून बाटलीला हातही लावणार नाही हे तुला माहिती असेलच. ॲलर्जीच्या बाबतीत तिकडचं काम चोख आहे, चौदा पदार्थांची यादी कायद्याने ठरलेली आहे आणि त्यात तीळ आणि मोहरीसुद्धा आहेत.

बुकिंग करताना कार्डचा नंबर घेतात आणि आयत्या वेळी गेला नाहीत तर माणशी पैसे कापतात, विमानाच्या दुसऱ्याच दिवशीचं बुकिंग करू नकोस, त्यांना झोप लागू दे नीट. आणि बुक करायच्या आधी शाकाहारी सेट मेन्यू आहे का ते मेल करून विचार, काही ठिकाणी मेन्यूत शाकाहारी एकच पदार्थ असतो आणि मग आई तीन कोर्स पनीर खात बसते.

जूनच्या शेवटी गोव्याला जातोय. पणजीत नवीन हॉटेलची लंच स्पेशल फिश थाळी बरीच स्वस्त दिसतेय. घ्यावी का? — एक वाचक, कोल्हापूर

घ्या, पण एक गोष्ट माहिती असू द्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ असतो म्हणून. तेव्हा त्या दिवसांत ताटात सुरमई दिसली तर ती बहुधा बर्फातली किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली असते, तिकडची बंदी १४ जूनला संपते. खोटं काही नाही त्यात, फक्त आज सकाळची आहे असं कोणी छातीठोक सांगायला लागलं तर विश्वास ठेवू नका. त्यापेक्षा नदी-खाडीचं काय आहे ते विचारा.

आणि खरं तर पावसाळ्यात गोव्याचं ताट वेगळ्याच गोष्टींसाठी जेवायचं. उन्हाळ्यात पुरुमेंताची खरेदी होते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, त्यात सुकं मासळं भरून ठेवतात, मग जून-जुलैत सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर जेवणात येते, खोबरं, कांदा, थोडी चिंच किंवा कोकम, आणि हाताने चुरलेली सुंगटं. ती ताजी मिसळलेली असेल तर सुंगटं दाताखाली मोडतात, सकाळी मिसळून ठेवलेली असेल तर ओल्या खोबऱ्याने मऊ पडतात. त्या एका वाटीवरून मी अख्खं हॉटेल जोखते. दुसरं म्हणजे हुमण, खोबऱ्याचं माशाचं कालवण. खोबरं बारीक वाटलेलं हवं, जिभेला चरचरीत लागता कामा नये, आणि बांगड्याचं असेल तर तिरफळाचा वास यायलाच हवा. उकड्या तांदळाचं शीत, म्हणजे भात, मागा, पर्यटक दिसलात की न विचारता पांढरा भात वाढतात. हे तीन पदार्थ चांगले असतील तर तळलेला तुकडा छोटा असला तरी तक्रार करू नका.

सेट लंच घ्यावा की ॲपवरची ३० टक्के सूट? दोन्ही एकत्र मिळत नाही. — एक वाचक, डोंबिवली

बरोबर, ॲपवाल्या सूटमधून सेट मेन्यू बहुतेकदा वगळलेला असतो, आणि ते बारीक अक्षरात शेवटी लिहिलेलं असतं. तुम्ही किती जेवता त्यावर ठरवा. दोघांनी मिळून एक स्टार्टर ४२५, एक भाजी ५२५ आणि ८० च्या दोन रोट्या घेतल्या तर १११० होतात, ३० टक्के गेले की ७७७, जीएसटी धरून ८१५ रुपये ८५ पैसे. ठाण्याच्या वाचकांच्या दोन सेट लंचचे साधं पाणी धरून १०४८ होत होते. म्हणजे भूक बेताची असेल तर ॲप स्वस्त. पण पोटभर जेवणारी माणसं असतील, किंवा हॉटेल पहिल्यांदाच बघताय आणि सूपपासून गोडापर्यंत सगळ्याची चव घ्यायचीय, तर सेट मेन्यूच घ्यावा, दोघांनी वेगवेगळे पर्याय मागवले की आठ पदार्थ चाखून होतात. ॲपने वर काही फी लावलीय का तेवढं पैसे भरायच्या आधी बघा.

मी स्वतः नाशिकला छोटं हॉटेल सुरू केलंय, ४० जणांची जागा आहे. रात्री बरी गर्दी असते, दुपारी माशा मारतो. सेट लंच सुरू करू का? नुकसान होईल अशी भीती वाटते. — एक वाचक, नाशिक

तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण समोरच्या बाजूने विचार करणारं पत्र हे एकच आलं.

सुरू करा, पण किंमत ठरवताना शेजारच्याचा बोर्ड बघून ठरवू नका. आधी एका ताटाचा माल मोजा, तेल, तूप, गॅस, टिश्यू पेपर, कांदा-लिंबूसकट. समजा २९९ चं ताट ठेवायचं, तर त्यातला माल १००-१०५ च्या आसपास बसला पाहिजे, म्हणजे साधारण ३५ टक्के. उरलेल्या १९४ मधून पगार, भाडं, लाइट निघणार आहे, आणि दुपारी माणसं तशीही बसलेलीच आहेत म्हणून त्यातला बराचसा तुमच्या हातात राहील. माल १५० वर गेला तर दोन पदार्थ कमी करा पण प्रत कमी करू नका. लोक काय करतात, ताट भरगच्च दिसावं म्हणून सात वाट्या ठेवतात आणि सातही पाणचट असतात. त्यापेक्षा एक चांगली उसळ, एक भाजी, गरम पोळी, वरणभात, आणि गोडाला आठवड्यात वेगवेगळं काहीतरी. तुमच्या नाशिकला मिसळीसाठी लोक लांबून येतात, म्हणजे उसळ कोणाची चांगली हे तिथल्या गिऱ्हाइकाला कोणी शिकवायला नको.

पोळीसाठी मात्र एक माणूस दुपारी तव्यावरच उभा ठेवा. डब्यात घडी घालून ठेवलेल्या पोळ्या वाढल्यात तर बाकी सगळं चांगलं असूनही गिऱ्हाईक तेच घरी जाऊन सांगेल.

बोर्डवर टॅक्ससकट आकडा लिहा. तुमची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल आणि दारू देत नसाल तर सीएला कंपोझिशनचं विचारा, मग २९९ म्हणजे २९९ असं लिहिता येईल, तो ५ टक्के तुम्हाला भरावा लागेल तो हिशोबात धरा. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपरवान्याचा, चौदा आकडी नंबर छापलाय ना तेही बघून घ्या, जानेवारी २०२२ पासून ते सक्तीचं आहे. आणि सुरुवातीला महिनाभर रोज किती ताटं गेली, किती भाजी उरली हे वहीत लिहा. उरलेलं रात्रीच्या मेन्यूत घुसवू नका, स्टाफला जेवायला द्या.

आणि वेटरना एवढं नक्की सांगा की दुपारचं गिऱ्हाईक रात्रीच्या गिऱ्हाइकापेक्षा कमी नाही. ऑफिसातून आलेली ती चार पोरं कदाचित पुढच्या महिन्यात कोणाचा तरी वाढदिवस घेऊन येतील, आणि नाही आली तरी ती पैसे देऊन जेवतायत.

फक्त सेट लंच जेवून ऑनलाइन रिव्ह्यू लिहिला तर चालेल का? आणि टिप कशावर द्यायची, सवलतीच्या बिलावर की मूळ किमतीवर? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

रिव्ह्यू जरूर लिहा पण दुपारचा सेट लंच घेतला होता हे पहिल्याच ओळीत लिहा, वार आणि साधारण वेळ पण लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं तुम्ही कशाबद्दल बोलताय. अॅम्बियन्स छान, फूड ओके असं लिहून कोणाला काही कळत नाही. डाळ गरम होती का, रोटी दुसऱ्यांदा मागितल्यावर किती वेळात आली, बोर्डवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा किती होता, हे लिहा. काही चुकलं असेल तर आधी तिथेच मॅनेजरला सांगा. नवीन हॉटेलला पहिले काही महिने सगळं बसायला लागतातच, सांगितल्यावर ताट बदलून दिलं तर तेही रिव्ह्यूत यायला हवं.

टिपचं म्हणाल तर सूट मालकाने दिलीय, वाढणाऱ्याचं काम तेवढंच आहे, चार कोर्स आणायचे आणि चार वेळा ताटं उचलायची. म्हणून मी सूट नसती तर जेवढी दिली असती तेवढीच देते, आणि बिलात सर्व्हिस चार्ज असेल तर तो आधी काढायला सांगते आणि टिप रोख, ज्याने वाढलं त्याच्या हातात देते. दुपारी सुट्टे नसतात बऱ्याचदा, जाताना पन्नासच्या दोन नोटा खिशात ठेवा.